तरण्या पावसात

कराडहून चिपळूणला जाणारा रस्ता मला फार आवडतो, आणि त्याचं कारण घाटापेक्षाही नदी आहे. कोयना महाबळेश्वरला उगम पावते आणि सह्याद्रीच्या कण्याला धरून दक्षिणेकडे वाहत येते. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेला वळते, पाटणवरून कराडला जाते आणि कृष्णेला मिळते. अरबी समुद्र डोंगराच्या पलीकडे इतका जवळ असताना ती त्याच्याकडे पाठ करून बंगालच्या उपसागराच्या वाटेला लागते. उंब्रजला महामार्ग सोडून मल्हारपेठेकडे वळलं की ही नदी सोबतीला येते. ती वाहते त्याच्या उलट दिशेने आपण जात राहतो आणि पाऊस वाढत जातो. सातारा सोडताना काचेवर नुसती भुरभुर असते. पाटण मागे पडतं तेव्हा डावी-उजवीकडची खाचरं काठोकाठ भरलेली असतात, वरच्या वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या ढगात बुडालेल्या असतात, एखाद्या पात्याचं टोक तेवढं मध्येच दिसून जातं. कोयनानगरच्या अलीकडे वायपर पूर्ण वेगाने फिरत असतो आणि तरी पुरत नाही.

जुलैचा मध्य होता, पुनर्वसू नक्षत्र चालू होतं. पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि त्याच्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला म्हातारा. कोकणात भाताची लावणी या तरण्या पावसावर होते. मी जिथे निघाले होते ते घर घाटाच्या पायथ्याशी, अलोऱ्याच्या पुढे आत वळून गेल्यावर एका वाडीत आहे. शेतकऱ्याचं घर, मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या, आणि समोर उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली गेलेली भातशेती. गेली काही वर्षं मी तिथे जाते, आणि जाते ती पावसातच.

‘एकटीच?’ हा प्रश्न निघताना येतोच. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने भर पावसात एकटीने घाट उतरावा याची काळजी ज्यांना वाटते, त्यांची काळजी खरी असते आणि मी ती कधी झटकून टाकत नाही. टायर, ब्रेक, वायपरचे रबर आधी तपासून घेते, अंधार पडायच्या आत पोचेन अशा बेताने निघते, घाटमाथ्यावर फोनला रेंज असेल तिथून घरी कळवते. पण सोबत कोणी नको, हेही तितकंच खरं. शेजारी माणूस असलं की अर्धं मन त्याच्याकडे लागतं. त्याला कंटाळा आला का, भूक लागली का, आपण बोललो ते त्याला रुचलं का. पावसातल्या घाटात ते अर्धं मन मला रस्त्यासाठी हवं असतं.

हेळवाकला चहा घेतला आणि पुढे निघाले. पूर्वेकडून येताना कुंभार्ली घाटाचा चढ जाणवत नाही. माथा आला हे समोरची जमीन संपते तेव्हा कळतं. त्या दिवशी तेही कळलं नाही, कारण समोर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. धुकं दाटलं की अनेकजण चारही इंडिकेटर चालू ठेवून गाडी हाकतात. ते करू नये, असं मला अगदी मनापासून सांगावंसं वाटतं. मागून येणाऱ्याला गाडी उभी आहे की चालते आहे, डावीकडे वळणार की उजवीकडे, काही समजत नाही. दिव्यांचा झोत खाली, दुसरा गिअर, ब्रेकवर सतत पाय नाही, आणि खालून चढत येणाऱ्या गाडीला आधी वाट. एसटीचे चालक हे वर्षानुवर्षं पाळतात. त्या दिवशी एका वळणावर समोरून आलेल्या लाल गाडीच्या चालकाने, मी थांबल्याचं पाहून, खिडकीतून हात वर केला. सबंध घाटात माणसाशी झालेला माझा व्यवहार एवढाच.

त्या उतरणीत डोक्यात दुसरं काहीही नसतं. घरचं राहिलेलं काम, कोणाचा आलेला फोन, आपण कोण आणि आपल्याला काय हवं होतं हे सगळं माथ्यावर राहतं. पुढची दहा-पंधरा पावलांची ओली डांबरी जमीन, कड्यावरून रस्त्यावर उडणारं पाणी, कुठे ताजी माती घसरून आली आहे का, एवढंच. लोक विश्रांतीबद्दल बोलतात तेव्हा मन मोकळं सोडण्याबद्दल बोलतात. मला मात्र विश्रांती मिळते ती मन पूर्णपणे कशाच्या तरी ताब्यात गेल्यावर.

या डोंगराच्या पोटात एक दुसरा रस्ता आहे, पाण्याचा. कोयनेला अडवून साठच्या दशकात जे धरण उभं राहिलं त्याची उंची १०३ मीटर, त्याच्या शिवाजीसागरात सुमारे १०५ टीएमसी पाणी मावतं. त्यातलं बरंचसं पाणी नदीच्या स्वाभाविक वाटेने पूर्वेला जात नाही. ते बोगद्यांतून सह्याद्रीच्या आरपार पश्चिमेला नेलं जातं, पोफळीच्या भूमिगत वीजघरावर शेकडो मीटर खाली सोडलं जातं, आणि वीज तयार झाली की वाशिष्ठीला मिळतं. असं पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला किती, यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने मर्यादा घातली ती ६७.५ टीएमसीची. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. पुण्यात बसून मी दिवा लावते तेव्हा त्यात या पाण्याचा काही वाटा असतो, आणि बंगालच्या उपसागराला मिळायचं ते पाणी दाभोळच्या खाडीत उतरतं. त्या जलाशयाखाली गावं गेली, शेतं गेली, आणि तिथून उठलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पुढे कित्येक दशकं मिटले नाहीत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपात या खोऱ्यातली पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. मी या रस्त्याने जाते तेव्हा हे सगळं मनात ठेवूनच जाते. हिरवा डोंगर आणि पांढरा धबधबा बघून परत फिरावं, एवढा हा प्रदेश साधा नाही.

वाडीत पोचले तेव्हा दुपार कलली होती. जांभ्याचं घर, पुढे पडवी, आणि पडवीच्या पावसाळी बाजूला झावळ्यांची झड बांधलेली. पडवीत आजी एकट्याच होत्या. ऐंशीच्या पुढच्या, पाठीतून वाकलेल्या, मांडीवर कुळथाचं सूप.

‘आलाव? बरा झाला. भिजलाव नाय ना?’ एवढं विचारून त्यांनी पुन्हा सुपात मान घातली. घरातलं दुसरं कोणी दिसत नव्हतं. खालच्या मळ्यातून पॉवर टिलरचा आवाज येत होता. थोड्या वेळाने घरच्या वहिनी वर आल्या, डोक्यावरून पाठीवर प्लास्टिकचा कागद घेतलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. इरली आता क्वचितच दिसतात. कागद हलका, स्वस्त, आणि वाकून काम करताना अडत नाही.

‘ताई, भाकऱ्या टोपलीत हायत. पिठी चुलीवर. तुमचा तुमी घ्या हां, आमी मळ्यात चाललाव.’ आणि गेल्याही.

मी हात-पाय धुऊन स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी, आणि झाकणाखाली सुकटीची चटणी. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक मासेमारी बंद, त्यामुळे या दिवसांत ताजं म्हावरं जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेलं सुकं काढायचं. मी ताट वाढून घेतलं आणि पडवीत आजींजवळ बसून जेवले. कोणी ‘अजून घ्या’ म्हणायला नव्हतं, ‘कसं झालंय’ विचारायला नव्हतं. हे मला या घरात सगळ्यात आवडतं. पाहुणा आला म्हणून इथे काही थांबत नाही.

शांत जागा शोधत खेड्यात येणारे बहुतेक लोक जुलैत येतात आणि जुलै हा शेतकऱ्याचा सगळ्यात धांदलीचा महिना असतो. उन्हाळ्यात राब भाजून ठेवलेल्या जागेत मृगाच्या सुमाराला बी पेरलेलं असतं. ती रोपांची दाढ वीस-पंचवीस दिवसांत उपटण्याजोगी होते, आणि मग तिला थांबवता येत नाही. रोप फार जून झालं की फुटवे कमी फुटतात. तेवढ्यातच चिखलणी व्हायला हवी, चिखलणीला खाचरात पाणी हवं, पाण्याला पाऊस हवा, आणि या तिन्हीला माणसं हवीत. माणसं म्हणजे बायका. रोपं उपटून मुठी बांधायच्या, बांधावरून चिखलात फेकायच्या, आणि ओळीने मागे सरकत दोन-दोन, तीन-तीन काड्या रोवायच्या. चिखलात दिवसभर वाकून. तरणी पोरं मुंबईला, त्यामुळे वाडीतल्या घरांनी एकमेकांकडे पाळीपाळीने जाऊन लावणी उरकायची. आज यांच्याकडे, उद्या शेजारी. यात एक दिवस चुकला तर तो फक्त एका घराचा चुकत नाही.

महाराष्ट्राने २०२० साली कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, ते चांगलं झालं. गेल्या काही वर्षांत अशी अनेक घरं उभी राहिली आणि त्यांतल्या काहींनी शेत टिकवलं. पण काही ठिकाणी शेत मागे पडून शेताचा देखावा पुढे येतो. ‘लावणीचा अनुभव’ अशी जाहिरात असते; रांगेने पाहुणे चिखलात उतरतात, फोटो होतात, आणि दुपारी कोणीतरी घरची बाई तीच रोपं उपटून पुन्हा नीट लावते. ज्या बाईचा दिवस आधीच अंधारात सुरू झाला आहे तिच्यावर हे दुप्पट काम टाकणं मला अन्यायाचं वाटतं. तसं स्पष्ट बोलून दाखवावं असंही वाटतं. ज्याला खरोखर शिकायचं आहे त्याने चार दिवस राहावं आणि बांधावर बसून आधी बघावं.

दादांनी, म्हणजे या घराच्या मालकांनी, मागे एकदा मला हिशेब सांगितला होता. बियाणं, खत, टिलरचं डिझेल, मजुरी धरली तर या उतारावरच्या भातात हातात काही उरत नाही. घरचा वर्षाचा तांदूळ निघतो, पेंढा गुरांना होतो, एवढाच नफा. ‘खोल्यांच्या पैशावर लावणी चालते’ असं ते म्हणाले, आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नव्हता. आजूबाजूला किती खाचरं पडीक राहिली आहेत ते रस्त्याने येतानाच दिसतं. बांध फुटलेला, आत गवत आणि झुडपं. एकदा वरचं खाचर सुटलं की त्याचं पाणी खालच्याला नीट मिळत नाही, मग तेही सुटतं. तेव्हा माझ्यासारखीने दिलेलं भाडं जर या दहा-बारा खाचरांचे बांध धरून ठेवत असेल, तर त्या पैशाचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे केलेला नाही.

संध्याकाळ झाली तशी माणसं वर आली. आंघोळी, गुरांचं वैरण-पाणी, जेवण, आणि दिवे जायच्या आत फोन चार्ज करणं. बोलायला कोणात त्राण नव्हतं आणि त्याची कोणाला अडचणही वाटत नव्हती. कौलांवर पाऊस इतका जोरात होता की बोललेलं ऐकूही आलं नसतं. मी माझ्या खोलीत जाऊन पडले. या घरात मी आडोशाला असते, कोणाच्या कामाच्या मध्ये नाही आणि कोणाच्या लक्षाच्याही मध्ये नाही. घाटात पाऊस मला माझ्यापासून सोडवतो, इथे लावणी सोडवते. आपल्यापेक्षा मोठं आणि निकडीचं काही चालू असताना त्याच्या कडेला असणं, याच्यासारखं सुख मला दुसऱ्या कुठल्या मुक्कामात मिळालेलं नाही.

रात्री मध्येच जाग आली तेव्हा बाहेर बॅटरीचा उजेड फिरत होता. दादा घरामागच्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी बघून येत होते. इथली माणसं पावसात अशी उठतात. २ जुलै २०१९ च्या रात्री याच चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वस्तीतली घरं माणसांसकट वाहून गेली. त्याला दोनच वर्षं होत होती तेव्हा २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण शहर बुडवलं. त्याच चोवीस तासांत तिकडे महाबळेश्वरला सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तेव्हापासून ही वाडी झोपेतही पऱ्याच्या आवाजाकडे कान ठेवून असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिलरचा बेल्ट तुटला. अर्धं खाचर चिखलून झालं होतं, अर्धं बाकी. शेजारच्या घरच्या बायका येऊन दाढीतली रोपं उपटायला बसल्या होत्या. उपटलेली रोपं उद्यावर टाकता येत नाहीत असं नाही, पण या बायका उद्या इथे नसणार होत्या. दादांची मोटारसायकल मुलाने कामावर नेलेली. चिपळूणला एसटीने जाऊन यायचं तर दिवस गेला. ते बांधावर तुटका बेल्ट हातात घेऊन उभे होते.

‘द्या इकडे,’ मी म्हटलं. ‘मी आणते.’

त्यांनी नको-होय केलं नाही. नमुन्याला तो तुटका बेल्ट दिला, दुकान कुठे ते सांगितलं, आणि दोन आणा म्हणाले, एक राखीव.

बहादूरशेख नाक्यावरून बाजारात शिरले. दुकान जुनं, शेतीच्या अवजारांचं, आत तेलाचा आणि रबराचा वास. दुकानदारांनी बेल्ट पाहिला, आतून जोडी आणली, आणि पावती करता करता, मी भिंतीकडे बघते आहे असं पाहून, पेनाने वर दाखवलं. तिथे रंगाच्या दोन खुणा होत्या. खालची २००५ च्या २६ जुलैची, वरची २०२१ ची. वरची माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती. ‘हे सगळं सामान गाळात होतं,’ ते म्हणाले. ‘बेल्ट धुऊन विकता येत नाहीत.’ पुराच्या वेळी पावसाचं पाणी किती आणि धरणाचं किती, यावर शहरात तेव्हा खूप वाद झाला. वाशिष्ठीतला गाळ काढावा म्हणून लोक उपोषणाला बसले. दुकानदार त्या वादात शिरले नाहीत. आता सगळ्यात खालच्या फळ्यांवर फक्त लोखंड ठेवतो, धुतलं की चालतं, इतकंच म्हणाले. मी त्यांच्या फळ्यांकडे पाहिलं. खाली फाळ, कुदळी, विळे. वर बेअरिंग, बेल्ट, मोटारी.

परत पोचले तेव्हा दादांनी टिलरचं झाकण आधीच उघडून ठेवलं होतं. बेल्ट चढवायला फार वेळ लागला नाही. टिलर सुरू झाला, आणि बांधावर बसलेल्या बायका उठून कागद डोक्यावर ओढत खाली उतरल्या. कोणी आभार मानले नाहीत. तसे मानले असते तर मला अवघडल्यासारखं झालं असतं. दुपारी जेवायला वर आल्यावर दादांनी पावती मागून घेतली आणि बेल्टचे पैसे मोजून दिले, सुट्ट्या नाण्यांसकट. मीही ते घेतले. त्या खाचराची लावणी चार वाजेपर्यंत झाली.

मी त्याच संध्याकाळच्या आत घाट चढून कोयनानगरला मुक्काम करणार होते. पण दुपारी बातमी आली की घाटात दरड आली आहे आणि सकाळपर्यंत वाट मोकळी होणार नाही. माझी खोली त्या रात्रीसाठी दुसऱ्या कुणी घेतली होती. ते लोक चिपळूणच्या बाजूने येऊन पोचलेही होते. वहिनींनी एका वाक्यात प्रश्न सोडवला. मी माजघरात आजींजवळ झोपायचं.

चटईवर आडवी झाले तेव्हा आजी अजून बसूनच होत्या. पाऊस पुन्हा धरला होता. दादा दिवसभराचे थकलेले, पाठ टेकताच झोपले होते. आजी म्हणाल्या, ‘माका आता नीट ऐकाय येत नाय. तुझे कान बरे. पऱ्याचा आवाज बदलला तर उठव माका.’ दिवसभर मला अहो-जाहो करणाऱ्या आजी आता अरे-तुरेवर आल्या होत्या.

आवाज बदलतो म्हणजे नेमका कसा, मी विचारलं.

त्यांनी नीट समजावून सांगितलं. पाणी वाढलं की आवाज वाढतो, त्याला भिऊ नकोस, पावसाळ्यात तो वाढायचाच. पाण्याच्या आवाजाखाली दगड गडगडायला लागले, तर उठव. आणि पाऊस जोरात असताना पऱ्या एकदम गप्प झाला, तर त्याहून लवकर उठव, कारण वर कुठेतरी झाडं आणि माती अडून पाणी तुंबलेलं असतं. मग आधी गोठ्यातल्या गुरांची दावी सोडायची, नंतर माणसं उठवायची.